मुरमावरचा तरवड

माझं माहेर आटपाडीकडच्या कोरड्या रानात, सासर कृष्णाकाठच्या उसात. गेल्या दसऱ्यानंतर माहेरी एकटी राहणारी आई चक्कर येऊन पडली, तेव्हा मी तिला हट्टानं इकडं आणलं. तिची अट एकच. नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ पाहिजे, न्हाईतर घट बसायच्या आधी ती गावाला जाणार. आणि एकदा गेली की परत यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक. तिकडं पुन्हा पडली तर उचलायला कोण?

येताना तिनं तरवडाचं रोप आणि मूठभर शेंगा आणल्या होत्या. माझे सासरे फौजेतून आलेले, पक्के बागायतदार. त्यांनी रोप अंगणात लावलं आणि उसागत पोसलं. शेणखत काय, युरिया काय, दोन्ही वेळचं पाणी काय!

"आवं पाव्हणं, एवढं पाणी सोसत न्हाई त्याला," आई म्हणायची.

"आमच्या दारात झाड तहानलेलं? लोक नावं ठेवतील!"

नवरात्र तोंडावर आलं आणि रोप मुळातून कुजलं. झालं! आईनं पिशवी भरली. मला रडूच फुटलं.

घटाच्या आदल्या दिवशी काळी माती आणायला गोठ्यामागं, एरवी कुणी फिरकत नाही तिथं, गेले आणि जागीच थबकले. अगं बाई! बांधकामातून उरलेल्या मुरमाच्या ढिगावर कमरेएवढा तरवड उभा, अंगभर पिवळाधमक. अंगणात रोप लावल्यावर आणलेल्या शेंगा आईनं तिथंच भिरकावल्या होत्या. ना खत, ना पाणी. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. आणि फुलं तरी किती! पातळ पाकळ्या, मधून वाकडे लांब केसर, वर भुंग्यांची गर्दी. त्या दगडमातीतून एवढं पिवळं आलं कुठून? माझे हात आपोआप जुळले. खरं सांगते, देवळातही कधी असे जुळले नाहीत.

आईला आणि सासऱ्यांना हाक मारली. आईनं वाकून फुलांवरनं हात फिरवला.

"आता तरी ऱ्हाणार न्हवं?" सासऱ्यांनी विचारलं.

"ऱ्हाते की. पर पाव्हणं, आल्यापास्नं ही लेक मला काडी उचलू देत न्हाई. बसून बसून मीबी कुजाय लागलेय."

मला ते लय लागलं. मी काही बोलायच्या आत तिनं पदर खोचला.

"खुरपं कुठं ठिवलंयस गं?"

मी गोठ्यातून काढून दिलं.