हुलग्याचं माडगं

मुरगूडच्या अंगणवाडीत धोंडुबाई मदतनीस म्हणून लागली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. पोरांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या चाँदबीची नात आफशीन अंगणवाडीत येऊ लागली. पोरगी चुणचुणीत, पण वजनकाट्याचा आकडा महिनोन्‌महिने जागचा हलेना. खिचडी दिसली की तोंड फिरवायची.

चाँदबीला विचारून धोंडुबाईनं घरनं माडगं करून आणलं. हुलगे म्हणजे कुळीथ, ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून भाजायचे, दळायचे आणि ते पीठ गूळ-सुंठ घालून शिजवायचं. आईनं शिकवलेलं. शिवारात पाणी खेळायच्या आधी माळावर हुलग्याशिवाय फारसं काही पिकत नव्हतं. त्यावरच घरं जगली. पुढं ऊस आला आणि हुलगा बैलांच्या पाटीत गेला.

आफशीन वाटी चाटूनपुसून खाऊ लागली. काटाही हलला. तेवढ्यात पाहणीला आलेल्या मॅडमनी वाटीत डोकावलं आणि जनावरांचा खुराक पोरांना घालता का, म्हणून सगळ्यांदेखत झापलं. धोंडुबाई कधी साहेबाला उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"बैल नांगर वढतोय त्येच्यावर. मग पोरांनी काय पाप केलंय? न्या की पीठ, तपासून बघा."

मॅडमनी खरंच पीठ नेलं, कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तपासायला दिलं. दीड महिन्यानं त्या स्वतः कागद घेऊन आल्या. शंभर ग्रॅमला वीसच्या वर प्रथिनं, लोह चांगलं, कॅल्शियमही. शिवाय मोड आणल्यानं ते अंगी लागायला सोपं. कागद वाचून झाल्यावर त्यांनी चुकलं म्हटलं आणि खाली बसून एक वाटी मागून घेतली.

पुढं कागलच्या बैठकीत ऐंशी सेविकांसमोर धोंडुबाईनं माडगं शिजवलं. कृतीच्या कागदावर तिचं नाव घालू लागले, तेव्हा तिनं लिहिणाऱ्या बाईचा हात धरला.

"माझं नगं. चिमणाबाई लिवा. माझी आई. तिला सही येत न्हवती, पर मोड कशाला आणायचं ते कळत हुतं."

आता आसपासच्या अकरा अंगणवाड्यांत आठवड्यातून दोनदा माडगं शिजतं. यंदा गावातल्या केरबानं माळाचं पडीक रान नांगरून हुलगा पेरला, बी धोंडुबाईकडनंच नेलं. शेंगा धरल्यावर तो तिला रान बघायला बोलवायला आला. ठेवणीतलं लुगडं नेसून ती गेली.