एका दिवसाचे किरायदार

दोन खोल्या किरायानं द्यायच्या आहेत अशी पाटी मी लावली की किरायदाराच्या आधी सल्ले देणारे दारात येतात. करार नोंदवून घ्या, अकरा महिन्यांच्या वर जाऊ नका, पोलीस ठाण्यात कळवा, विजेचं मीटर वेगळं ठेवा, बोअरचा स्टार्टर आपल्याच ताब्यात असू द्या. सगळं अगदी बरोबर आहे. माझ्या वडिलांनी यातलं काहीही बाकी ठेवलं नव्हतं. तरीही एका सकाळी, स्वतःच्या अंगणात उभं राहून, किरायदारानं कसं वागावं याचा उपदेश त्यांना ऐकून घ्यावा लागला.

वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सुटत नसल्या तरी कागदावरची वेळ पाळली पाहिजे, अशा विचाराचे. गेवराईच्या नव्या वस्तीत त्यांनी घर बांधलं, पुढच्या दोन खोल्या किरायासाठी काढल्या आणि बोअर घेतलं. दुष्काळात गल्लीतली बाकीची बोअर एकामागून एक बंद पडली. आमचं चालू राहिलं. त्यामुळं आमच्या खोल्यांना अचानक फार मागणी आली.

त्या खोल्यांत एका दूध संघाचा सुपरवायझर बायको आणि मुलीसह राहायला आला. खोली बघायला आला तेव्हा त्यानं नळ सोडून पाहिला, मग वडिलांना विचारलं, “कोण म्हणायचं तुमी?” वडिलांनी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. “आमी तसलं काई मानत न्हाई,” तो म्हणाला. जाताना फाटकात पुन्हा म्हणाला, किल्ली घ्यायला आला तेव्हा पुन्हा. आई म्हणाली, हा माणूस कोणाची समजूत घालतोय? पण नळाला पाणी होतं, तो राहिला.

त्या वर्षी तालुक्यातली गुरं चारा छावणीत होती आणि छावणी होती संघाच्या चेअरमनची. सरकारी माणूस अनुदानासाठी गुरं मोजायला आला की शेजारच्या गावची गुरं छावणीत पाहुणी यायची आणि मोजणी झाली की घरी जायची. या पाहुणचाराची सगळी व्यवस्था आमचा किरायदार बघत असे. कामाला चोख होता. दुसऱ्याची गुरं आपली म्हणून दाखवायचा इतका हात बसलेल्या माणसाला दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवणं काय जड? किरायदाराची चौकशी करावी असं सगळे सांगतात. किरायदार आपल्याबद्दल गावात काय सांगतो, याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

त्याच्या मुलीला बघायला आष्टीकडची मंडळी यायची होती. आदल्या दिवशी तो आमच्या ओसरीवर येऊन बसला.

“साहेब, एक चूक झाली. पाव्हण्याला मी हे घर माझंच हाय म्हणून बोलून बसलोय.”

वडिलांनी चष्मा काढून हातात घेतला.

“एकच दिवस. तुमी किरायदार व्हा. आन् तेवढं ओसरीचं दार लावून घ्या. भिंतीवरच्या तसबिरी फाटकातून दिसतात.”

मला वाटलं, वडील आता त्याला बाहेर काढतील. मी वाटच बघत होते. पण ते म्हणाले, “पोरीचं काम हाय. एक दिवस काय.” त्याची मुलगी माझ्याबरोबर कॉलेजात होती, माझ्या वह्या न्यायची, स्वभावानं गुणी. ही तिसरी मंडळी होती बघायला येणारी. आई त्या रात्री वडिलांशी बोलली नाही. मीही नाही.

सकाळी जीपमधून मंडळी आली. मुलाचे चुलते वजनदार गृहस्थ, सोसायटीचे संचालक, त्यामुळं जिथं जातील तिथं पाहणी करायची सवय. तांब्याभर पाणी पिऊन ते अंगणात फिरायला निघाले. वडील बोअरचा नळ सोडून टाकी भरत होते.

“किरायानं राहता का?”

“हो.”

“मालक कसा हाय?”

“साधा हाय,” वडील म्हणाले. “जरा जास्तच साधा हाय.”

मी खिडकीत होते. हसू यायच्या आत पुढचा प्रश्न आला.

“कोण म्हणायचं तुमी?”

वडिलांनी सांगितलं. हे मात्र त्यांना खोटं सांगता आलं नसतं. चुलत्यांनी आवाज खाली आणला. रागानं नाही, अगदी मायेनं म्हणाले, “मंग नळाला हात काहून लावता? मालकाला म्हणायचं, वरून पाणी वाढा. खोली दिली हेच लई झालं. आजकाल कोण देतं?”

वडिलांनी नळ बंद केला आणि हात मागं घेतला. मला अजून तो हात आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

मुलगी पोह्याचा ट्रे घेऊन ओट्यावर आली होती. तिनं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवून ती म्हणाली, “काका, मालक हेच हायेत. घर यांचं, बोअर यांचं. आमी यांच्याकडं किरायानं राहतो. तुमी आता पिलात ते पाणी यांचंच हाय.”

किरायदार दारात येऊन उभा राहिला. त्याला कळेना, आत जावं की बाहेर यावं. चुलत्यांनी एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा टाकीकडं. पोटात गेलेलं पाणी काही परत काढता येत नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला आणि संचालकाच्या आवाजात वडिलांना विचारलं, “उन्हाळ्यात टिकंल का हे पाणी?”

“टिकंल,” वडील म्हणाले.

तेवढ्यावर लग्न ठरलं. आष्टीकडं लग्नाला पुरेल इतकं पाणी कोणाकडंच नव्हतं, तेव्हा लग्न इथंच करायचं, असं चुलत्यांनी जाहीर केलं. मंडळी जेवून गेली. नळाला कोणी हात लावायचा, हा विषय पुन्हा निघाला नाही.

जीप गेल्यावर आईनं तोंड उघडलं. “त्यानं तुम्हाला तुमच्याच नळाला हात लावू नका म्हणलं. आन् तुमी त्याच्या सगळ्या वऱ्हाडाला आंघोळीचं पाणी देणार?”

“वऱ्हाडाला न्हाई देत,” वडील म्हणाले. “त्या पोरीला देतो. तिनं सांगितलं नसतं तर मी आजचा दिवस काढला असता. माझ्याच घरात गप बसून काढला असता.”

 आईचा राग वडिलांवरून उतरला, आणि माझाही.