महिन्याला किती उरतं

अक्का, अळणावरच्या स्टँडवर आम्ही धारवाडच्या गाडीत चढलो तेव्हा भर दुपार होती. आईच्या कपाळाला हळदीची चिंधी बांधलेली आणि चिंधीतून ओघळलेलं रक्त भुवईवर वाळलेलं. शेजारच्या बाईनं कानडीत विचारलं, "एनातव्वा, काय झालं गं?" आई म्हणाली, "घसरून पडले." अख्ख्या गावाला ठाऊक होतं की आमच्या घरात फरशी निसरडी नाही, अप्पांचा हात सैल आहे. तू खिडकीखाली उभी होतीस. मी तुझं मनगट धरून ओढत होते, चल म्हणून, आणि तू एवढंच बोललीस, "देवाचा पैसा घेऊन पळालेल्यांचं भलं होत नाही. मी येत नाही." गाडी सुटली. मला तुझा एवढा संताप आला की मी धाडकन काच लावून घेतली आणि धारवाड येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

त्या पैशाची गोष्ट तुला नव्यानं सांगायला नको. पण माझ्यासारख्या घर सोडून हुबळीला आलेल्या आणखी दोघीतिघी हे वाचणार आहेत, त्यांच्यासाठी सांगते.

अप्पांचं किराणा दुकान. महिना संपला की जेवून हात धुता धुता ते आईला विचारायचे, "किती उरलं?" आपल्याच दुकानातलं तेल-साखर ते आईला गिऱ्हाइकाच्या भावानं लावायचे. भाव चढला की आईलाही चढा भाव, घरखर्चाला मिळणारे पैसे मात्र तेवढेच. मग उरणार काय, कपाळ? नाही उरलं तर उधळी म्हणून पट्टा. चार पैसे उरले तर "आणखी कुठं दडवलंस" म्हणून पट्टा. आम्ही दोघी आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसायचो. तू माझ्या कानांवर तुझे हात ठेवायचीस आणि तुला मात्र सगळं ऐकू यायचं.

आई ब्लाऊज शिवायची. त्याचे पैसे ती हळदीत पिवळ्या केलेल्या फडक्यात बांधून व्यंकटरमणाच्या फोटोपुढं ठेवायची. आमच्याकडं त्याला मुडपू म्हणतात. एकदा गाठ मारली की तो पैसा तिरुपतीचा, घरातल्या कुणी शिवायचं नाही. अप्पा माणसाला भीत नव्हते, देवाला भीत होते. आईनं बरोबर डोकं लढवलं होतं. फक्त एक गोष्ट विसरली बिचारी. अप्पा भीत होते त्याच्या दुप्पट ती स्वतः भीत होती! वर्षानुवर्षं साठवलं, आणि जीव जायची वेळ आली तरी हात लावायची छाती होईना.

त्या दिवशी अप्पांनी घरातल्या तराजूतलं किलोचं वजन फेकलं. आई देवळीपाशी कोसळली. अप्पा शिव्या देत दुकानात गेले आणि मी मुडपू उचलला. रक्तानं डोळा मिटलेला, तरी आईनं उठून फाडकन माझ्या मुस्काटात दिली. "देवाचं आहे, ठेव!" मी ती गाठ दातांनी फाडली. हळदीची कडू चव आली तोंडात. आईला दंडाला धरून फरफटत स्टँडवर नेलं मी. तिला मी पळवून आणलं, ती आली नाही, हे आज कबूल करते.

त्या पैशातून हुबळीत उणकलला एक खोली भाड्यानं घेतली, नव्या इमारतींच्या मागं. मी गोकुळ रोडला एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर लागले. आई खानावळीला भाकऱ्या थापून द्यायला लागली. पुढं फोनवर तू येते म्हणालीस, तर तुला म्हटलं, थांब, दोन खोल्यांचं डिपॉझिट जमलं की तुला आणते. एका खोलीत तिघी कशा मावणार? किती शहाणी मी! नऊ वर्षं झाली. पगार वाढला की भाडं वाढतं, भाडं थोडं थांबलं की गॅस, गॅस थांबला की ज्वारी आणि तेल. दरवर्षी वाटायचं आता जमलं, की मालक डिपॉझिटचा आकडा वर सरकवायचा. आधी तू फोनवर विचारायचीस, "जमलं काय गं?" मग विचारायचं बंद केलंस. मला हायसं वाटलं होतं तेव्हा. थू माझ्या जिनगानीवर.

गेल्या महिन्यात तुझा फोन आला. अप्पांनी हात पिरगाळला, मनगट मोडलं, डॉक्टरला 'घसरून पडले' म्हणून सांगितलं, असं तू अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलंस. आणि वर म्हणालीस, "त्यांचा तरी काय दोष, महिन्याला काही उरतच नाही." मी मशीन बंद केलं आणि सुपरवायझरला न सांगता घरी आले.

पैसे शोधायला डबे उपसले. तांदळाच्या डब्यामागं पिवळं फडकं सापडलं, चांगलं जाडजूड. आई नऊ वर्षं भाकरीच्या पैशातून देवाचं देणं बाजूला टाकत होती. तिकडं तू मार खातेस, इकडं ही गाठी मारते! माझं डोकंच फिरलं. पिठाचा डबा भिरकावला, भाकऱ्यांची चळत लाथेनं उडवली, आईचे केस मुठीत धरले आणि ओरडले, "सांग, महिन्याला किती दडवतेस? सांग!"

आई शेगडीपाशी अंग मुडपून बसली. दोन्ही हात डोक्यावर घेतले. म्हणाली, "मारू नका हो. सांगते."

मला 'नका' म्हणाली, अक्का. 'हो' म्हणाली. पोटच्या पोरीला.

हाताला तिचे पांढरे केस आले होते. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. अप्पांचं घर सोडून आले म्हणून मी सगळीकडं मिरवत होते, आणि अप्पा तर माझ्याच अंगात घुसून इथं आले होते. रडूसुद्धा येईना. मशीनवर काम करून घट्टे पडलेले तळहात आहेत माझे, ते बघत बसले नुसती.

बऱ्याच वेळानं आई मागून आली. पदराला पीठ लागलेलं. फडकं तिनं स्वतः सोडलं, पैसे माझ्या मांडीवर ओतले. म्हणाली, "व्यंकटरमणाला मी सांगते, तो थांबेल. ती पोर आता थांबायची नाही." मी तिच्या पायावर डोकं ठेवलं तर म्हणाली, "ऊठ, भाकऱ्या परत थापायच्यात, खानावळवाला येईल."

तिचे आणि माझे सगळे एकत्र करूनसुद्धा दोन खोल्या होत नाहीत. पुढच्या वर्षीही व्हायच्या नाहीत, मला कळून चुकलंय. उरेल तेव्हा आणू म्हणत बसलो तर तुझंच काही उरायचं नाही. तिथं तुला अजून ताट मिळतं म्हणून ते घर, असं समजू नको. जिथं महिनाअखेरीला कुणी डोक्यावर हात घेऊन बसत नाही, ते घर. आमचं अजून पुरतं तसं झालेलं नाही, खोटं कशाला बोलू? माझा हात वाईट आहे. उचलला तर तू माझ्या दुप्पट हाण. तुला तो हक्क आहे.

आम्ही दोघी भिंतीकडं सरकून झोपतो आता, मध्ये जागा ठेवून. सकाळी अप्पा दुकानात गेले की नीघ. सरकारी बसमध्ये बायकांना हल्ली तिकिटाचे पैसे पडत नाहीत. आधार कार्ड तेवढं घे. मोडक्या हातानं पिशवी उचलू नको, मोकळीच ये.