ऊर्मीच्या लग्नाची भिशी

त्रिपुरसुंदरी मामींचं अंबत्तूरचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि भिशी नेमकी त्यांच्याच घरी. विद्युलताबाई जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबत. कुणी मागून आलंच तर पदराने घाम टिपत म्हणत, "काय बाई हा उकाडा!" चेन्नईत ही सबब बारा महिने खपते.

नवऱ्याला, वसंतरावांना, संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून बाई साताऱ्याहून इथे आल्या, आणि वीस वर्षं शाळेत हिंदी शिकवत राहिल्या. आपल्या वजनावर आपणच आधी विनोद करून टाकायचा, ही त्यांची जुनी युक्ती. पण यंदा झोपेत श्वास अडकायला लागला, साखर गोळ्यांना जुमानेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, जठर लहान करायचं ऑपरेशन करा, नाहीतर हृदय साथ देणार नाही. विमा कंपनीने कळवलं, हा खर्च सौंदर्यासाठीचा आहे, मिळणार नाही. धापा टाकणाऱ्या बाईला म्हणे सुंदर व्हायची हौस आली! त्या कळवणाऱ्याच्या पाठीवर बाईंइतक्या वजनाचं पोतं देऊन त्याला एकदा हा जिना चढायला लावायला हवा होता.

तीन लाख लागणार होते. पीएफमधून आणि बांगड्या मोडून सव्वादोन जमले. उरलेले पाऊण लाख सोमवारी हॉस्पिटलात भरले नाहीत तर तारीख जाणार होती.

मामींची भिशी लिलावाची. दरमहा लाख रुपये जमत. ज्या बाईला निकड असेल तिने त्यातले किती सोडणार ते बोलायचं. जी सर्वांत जास्त सोडेल तिला उरलेली रक्कम, आणि सोडलेले पैसे सगळ्यांत वाटून. फक्त मुलीचं लग्न निघालं तर कुणी बोली लावत नसे. तेव्हा पूर्ण लाख मिळत, तेही तबकात विडा, हळद आणि मोगऱ्याच्या गजऱ्यासकट.

"चरबी कापायला पैसे हवेत म्हणून सांगणार लोकांना? हसतील," असं वसंतराव म्हणाले होते. म्हणून मागच्या महिन्यात बाईंनी पुढची भिशी मागितली आणि मामींनी "काय टीचर, काय विशेष?" म्हणून विचारलं, तेव्हा बाई बोलून गेल्या, "ऊर्मीचं लग्न." लेक बिचारी कॉलेजच्या परीक्षेत बुडालेली होती.

आता तबक समोर आलं. खानावळ चालवणाऱ्या सीतालक्ष्मीला यंदा गळकं छप्पर दुरुस्त करायचं होतं. पण ती हसून म्हणाली, "लेकीचं लग्न आधी. माझं छप्पर थांबेल." आणि तिने स्वतःच्या हाताने बाईंच्या केसांत गजरा माळला.

बाईंना तो सहन होईना. त्यांनी गजरा ओढून काढला.

"लग्न नाहीये," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मी खोटं बोलले. माझं ऑपरेशन आहे. वजनाचं."

मागे कुणीतरी खुसखुसलं. "भात सोडा, टीचर. सकाळी चालायला जा," दुसरी म्हणाली. मामींनी तबक मागे ओढलं. आता लिलाव.

सीतालक्ष्मी हसली नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता. "पाच हजार सोडते," ती म्हणाली.

"दहा," बाई म्हणाल्या.

"पंधरा."

"वीस."

"चोवीस," सीतालक्ष्मीने त्यांच्याकडे न बघताच म्हटलं.

"पंचवीस." बाईंनी शेवटचा आकडा सांगितला. यापुढे एक रुपया सोडला तरी सोमवार हातचा जाणार होता.

"ओरु तरम्," मामींनी लिलावाचं एक वार, दोन वार मोजायला सुरुवात केली. "रेंडु तरम्..."

सीतालक्ष्मीने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर बाईंच्या पायांकडे गेली. पाऊल इतकं सुजलं होतं की जोडवं बोटात रुतून बसलं होतं. तिने तोंड मिटून घेतलं.

"मूणु तरम्."

पैसे आले. तबक नव्हतं, साध्या पिशवीतून आले. बाई घाईने उठल्या, आणि उठता उठता भिंतीला टेकल्या. सीतालक्ष्मी जवळ आली. राग अजून उतरला नव्हता, पण डोळे भरले होते.

"लेकीचं लग्न म्हणालात, मी एका शब्दात सोडलं," ती म्हणाली. "मला जगायचंय, असं म्हणाला असतात, तर नसतं का सोडलं?"

'मला जगायचंय' हे वाक्य विद्युलताबाईंनी घरी मराठीतही कधी म्हटलं नव्हतं.