हिज म्हंजे कोनाच्या?

पनवेलच्या कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधीच विचारलं नाही. इंग्रजी अर्जात ‘हिज’ आला की त्यांची बोटं थांबायची आणि ते चष्म्यावरून बघत विचारायचे, “हिज म्हंजे कोनाच्या?” लोक वैतागायचे. मी तर शाळेत इंग्रजी शिकवणारा, मला तो अपमानच वाटायचा.

त्या वर्षी करंजाड्याच्या आमच्या घरावर चुलतभावाने हक्क सांगितला. सगळं वडिलांच्या कष्टाचं. काकांना त्यांनी फक्त आसरा दिला होता. मी स्वतः इंग्रजीत उत्तर लिहिलं आणि वडिलांना घेऊन टाइप करायला गेलो. ‘माय फादर लेट हिज ब्रदर स्टे इन हिज हाउस’ या ओळीवर बोटं थांबली.

“सर, घर कोनाचं? भावाचं?”

“माझ्या वडिलांचं! स्पष्ट तर आहे.”

“नाय. मराठीत ‘आपल्या घरात’ आनि ‘त्याच्या घरात’ येगळं हाय. हितं दोनी हिजच.”

त्यांनी माझ्या संमतीची वाट न पाहता टाइप केलं, ‘इन माय फादर्स हाउस’.

सुनावणीत साहेबांनी नेमकी तीच ओळ मोठ्याने वाचली आणि चुलतभावाला विचारलं, “हे खोटं आहे?” त्याने मान खाली घातली.

निकाल आमच्या बाजूने लागला. घरी येताच वडील पलंगावर आडवे झाले आणि कित्येक महिन्यांनी भरदुपारी मोठमोठ्याने घोरू लागले.