अकरा स्वच्छ फॉर्म

हैदराबादेत विद्यापीठांनी जितके प्रबंध नाकारले नसतील, तितके आमच्या मावशीच्या यजमानांनी नुसतं 'बघू जरा' म्हणून रखडवले असतील, असं माझं ठाम मत आहे. त्यातला एक माझा होता, म्हणून ते मत मांडायचा मला अधिकारही आहे. काका स्वतः साधे बी.ए. सरकारी सांख्यिकी खात्यात त्यांनी उभा जन्म दारोदार फिरून माहितीचे फॉर्म भरण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर फिरणं थांबलं, फॉर्मची खोड काही गेली नाही. शेजाऱ्यांचा पीएच.डी. करणारा भाचा एकदा सहज शंका विचारायला आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने चौघांना. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं, दिलसुखनगरात जिकडेतिकडे कोचिंग क्लासच्या पाट्या लागत होत्या, आणि काकांच्या जिन्यावर दर रविवारी चपलांची रास पडत होती. समोरच्या क्लासवाल्याला तर पक्का संशय होता, की हे फुकट शिकवून आपली पोरं पळवतात.

गंमत म्हणजे प्रबंध ते वाचतच नसत. तीन वर्षं घाम गाळून लिहिलेली प्रकरणं, तक्ते, संदर्भसूची, सगळं हाताने बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "भरलेले फॉर्म आण." गठ्ठा आला की चष्मा कपाळावर चढवून एकेक फॉर्म उजेडात धरायचे, उलटा करून बघायचे, चक्क वास घ्यायचे. मावशी म्हणायची, मला बघायला आले तेव्हाही ह्यांनी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाच्या घरात बसून भरलेल्या फॉर्मवर त्या घराचं काहीतरी उतरतंच. चहाचा डाग असेल, तेलाचं बोट असेल, पोरानं मध्येच ओढलेली रेघ असेल; हैदराबादेत चहा पाजल्याशिवाय कोण सोडतं तुम्हाला? एका हुशार विद्यार्थ्याला हे आधीच कळलं होतं. त्याने चाळीस फॉर्मवर चहाचे गोल उमटवून आणले. काकांनी फूटपट्टी मागवली, शांतपणे सगळे गोल मोजले आणि चौकशी केली, की त्या चाळीस घरांत मिळून कप एकच आहे का. पोरगं नंतर सहा महिने फिरकलं नाही.

दुसरा छळ म्हणजे, विद्यार्थ्याने आपली प्रश्नावली आधी काकांनाच विचारायची. मग काका कधी ठार बहिरे होत, कधी 'माझ्या मुलाला नोकरी लावता का' म्हणून मागे लागत, कधी "ये सब काय कू पूछ रै जी?" म्हणत दार अर्धं लोटून घेत. अर्थशास्त्राच्या एका मुलीला तर त्यांनी इतकं मनापासून हाकललं, की ती खरंच चपला घालून निघून गेली. मावशीला तिच्यामागे बसस्टॉपपर्यंत धावावं लागलं.

मी नांदेडहून येऊन त्यांच्याकडेच राहत होते. माझा विषय होता कुकटपल्लीच्या बंद पडलेल्या कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले कामगार, आणि ते आता दिवसभर करतात काय. एकशे वीस फॉर्म भरले, निष्कर्ष निघाला की बहुतेक जण घरीच बसून असतात. मार्गदर्शक खूश झाले, सोमवारी सही देणार होते. प्रबंध त्या महिन्यात सादर झाला तरच नांदेडच्या कॉलेजातली जागा मला मिळणार होती, आणि घरी आईने पेढ्यांपर्यंत मजल मारली होती. अडचण एवढीच, की त्या एकशेवीसमधले अकरा फॉर्म मी बसस्टॉपच्या बाकावर बसून माझ्याच हाताने भरले होते. तीन-तीन खेपा घातल्या तरी त्या घरांना कुलूप, मी तरी काय करणार? मी घरचीच, माझा गठ्ठा काका कशाला बघतील, अशी माझी भाबडी समजूत होती.

रविवारी त्यांनी तो मागितला. वास घेत घेत बरोबर अकरा फॉर्म वेगळे काढले. मी घाईघाईने म्हटलं, तिथे बायका घरी नव्हत्या, म्हणून चहा झाला नाही. त्यांनी मान डोलवली. मग एक फॉर्म माझ्यासमोर धरला.

"दिवसभर काय करता? घरीच असतो," त्यांनी वाचलं. "रोज जेवताना कुरकुरत होतीस, त्या गल्लीत अकरा घरांना कुलूप असतं म्हणून. मग घरीच असतो हे तुला कोण बोललं? कुलूप?"

मला रडूच फुटलं. पण काकांचं संपलं नव्हतं. किती वाजता जायचीस, म्हणाले. दुपारी, बसला गर्दी नसते म्हणून, मी म्हटलं. तर म्हणाले, दुपारी दारात जो सापडेल तो घरी बसलेलाच असणार की; तुझे ते एकशे नऊ खरे आहेत, पण अर्धेच खरे आहेत. माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले. एक प्रबंध लिहिला नाही कधी, जन्मभर नुसते फॉर्म भरलेत, तुम्हाला काय कळतं?

"हौ, नुसते फॉर्मच भरले," काका म्हणाले. "नोकरीतल्या पहिल्या वर्षी मी पण पन्नासेक झाडाखाली बसून भरले. आता ते कुठल्या तक्त्यात आहेत, कोणाला माहीत. काढायचे म्हटले तरी निघत नाहीत. तुझे अजून तुझ्या हातात आहेत."

सोमवारी मी सही घेतली नाही. नांदेडची जागा गेली, आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी कुकटपल्लीला जाऊ लागले, आणि कुलपं उघडी सापडली. कुणी ऑटो चालवत होता, कुणी टीव्ही दुरुस्त करत होता, बायका शिलाईच्या युनिटात जात होत्या. एक गृहस्थ तर बायको अजून कामावरून यायची म्हणून स्वतःच चहा करायला उठले आणि अर्धा कप माझ्या फॉर्मवर सांडून बसले. "घरी बसायला मिळावं म्हणूनच निवृत्ती घेतली होती मॅडम," ते म्हणाले, "पण नाही जमलं." त्या कुलपांचं एक स्वतंत्र प्रकरण झालं. त्याने आधीचा सगळा निष्कर्ष उलटा केला आणि माझं जवळजवळ वर्ष खाल्लं.

बांधून आलेली प्रत मी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीही नाही. ठेव तिकडं, म्हणाले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे मला दुसरीकडे नोकरी लागली, हैदराबादला जाणं कमी झालं, आणि एका वर्षी काका गेले.

त्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा मावशीने कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती प्रत काढली. कुलपांच्या प्रकरणात, पानाच्या अगदी मधोमध, चहाचा मोठा गोल उमटला होता.

"तुला दाखवू नको म्हणाले होते," मावशी म्हणाली. "वाचता वाचता कप कुठं ठेवला ते कळलंच नाही त्यांना. पोरीचं पुस्तक खराब केलं म्हणून चार दिवस हळहळत होते."

मी ते पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, वास घेतला. वास कधीच उडून गेला होता. मावशी माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग चहा टाकायला आत गेली.