जिताड्यापर्यंतचा आवाज

नवा फोन चार दिवसांपूर्वी आला. खोका उघडला, काचेवरचं प्लास्टिक सोलून काढलं आणि नेहमीसारखी वही घेऊन बसले. मी एका मराठी वेबसाइटसाठी नव्या फोनांची परीक्षणं लिहिते. पडदा, कॅमेरा, बॅटरी, वेग, गरम होणं, सगळ्याला दहापैकी गुण द्यायचे आणि शेवटी फोन घ्यावा की घेऊ नये ते सांगायचं. जुईनगरच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस. दोन दिवसांत वहीतले सगळे रकाने भरले, एक सोडून. संपादकांचा मेसेज आला, 'मॅडम, कॉलचं राहिलंय. मागच्या तीन परीक्षणांतही नव्हतं. आणि वाचक विचारतायत, आईच्या हातात कुठे गेलं?'

बघते, एवढंच कळवलं आणि फोन पालथा घालून ठेवला.

'आईच्या हातात' हे माझ्या परीक्षणातलं एक सदर होतं, आणि मी ते काही डोकं लढवून काढलेलं नव्हतं. माझी आई दिवाळे गावची, बेलापूरच्या खाडीवरची कोळीण. गावच्या बाजारात सकाळी मासळी घेऊन बसायची. एकदा मी तपासायला आलेला फोन पर्समध्ये टाकून तिच्याकडे गेले होते. तिला माझ्या भावाला काहीतरी तातडीनं सांगायचं होतं आणि तिच्या फोनची बॅटरी उतरलेली. तिनं कोळंबीत बुडालेला हात तसाच पुढे केला आणि माझा कोरा करकरीत फोन उचलला. ओल्या बोटांनीही चालतो अशी त्या फोनची मोठी जाहिरात होती. आईनं सहा वेळा बोट फिरवलं, फोन ढिम्म हलला नाही. 'याला काय झालंय गो? झोपलाय काय?' असं म्हणून तिनं तो मला परत दिला. मी ते जसंच्या तसं लिहिलं. लोकांना माझ्या पाच वर्षांच्या लिखाणापेक्षा आईचं ते एक वाक्य जास्त आवडलं. मला थोडा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून रिवाज पडला. कुठलाही नवा फोन आला की दोन दिवस तो दिवाळ्याला आईकडे. तिच्याइतका कडक परीक्षक मला दुसरा मिळाला नाही. भर उन्हात पडदा दिसला नाही तर ती 'आंधला हाय' म्हणायची. पाठ गुळगुळीत असेल तर 'निवटीवानी सटकतो' म्हणायची, चिखलातल्या बुळबुळीत मासळीसारखा. तिच्या अंगठ्याचा ठसा कुठल्याच फोननं पहिल्या झटक्यात घेतला नाही, कारण चाळीस वर्षं कोळंबी सोलून त्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. फोन पुन्हा पुन्हा बोट ठेवा म्हणायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची, 'आरं हेच बोट हाय, दुसरं कुठून आनू?' एक फोन फार तापायचा, तर बाईनं तो सरळ बर्फाच्या पेटीत, बोयी आणि चिंबोऱ्यांच्या मधे ठेवून दिला. मी पोचले तेव्हा वर मिशा दिसत होत्या कोळंबीच्या आणि खाली फोन वाजत होता. 'तापला व्हता म्हनून थंड केला,' ती म्हणाली. तो फोन वाचला. पाण्यापासून संरक्षणाला मी त्याला दहापैकी दहा दिले.

कॉलची परीक्षा मात्र ठरलेली असायची. सकाळी अकराला बाजारातली पहिली गर्दी ओसरली की मी जुईनगरच्या बाल्कनीतून माझ्या फोनवरून तिच्याकडच्या नव्या फोनवर कॉल लावायचे. तिनं तिथूनच, गलका चालू असताना, खाडीतल्या मासळीची सहा नावं एका दमात घ्यायची. बोय, निवटी, खरबी, कोलंबी, चिंबोरी, जिताडा. दर वेळी तीच नावं, त्याच क्रमानं, म्हणजे मला फोनांची तुलना करता यायची. जिताडा शेवटी, कारण तो आमच्या खाडीचा राजा आणि आईला ते नाव ठसक्यात घ्यायला आवडायचं. तो 'डा' खणखणीत पोचला की मी वहीत आठाच्या वर गुण टाकायचे. यादी संपली की तिचा प्रश्नही ठरलेला असायचा. 'पास झाला का गो?'

गेल्या शिमग्याच्या आधी एक निळा फोन आला. त्यावर आईचा आवाज पहिल्यांदा तुटला. बोय, निवटी, खरबी, मग काहीच नाही, मग कोलंबी. जिताडा तर पोचलाच नाही. मी म्हटलं, 'आये, तुजं बोट माइकवर हाय. सरळ धर.'

'सरलच धरलाय गो.'

'मग परत बोल.'

ती परत बोलली आणि परत तसंच झालं. मी वहीत लिहिलं, आवाज मध्येच तुटतो, कॉल पाच. पास झाला का विचारल्यावर मी हसत म्हटलं, 'नापास. तूच केलंस त्याला नापास.' आम्ही मायलेकी अशाच बोलायचो, एकमेकींना चिमटे काढल्याशिवाय आमचं जेवण पचायचं नाही. त्या दिवशी ती उलट काही बोलली नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण मला दुपारपर्यंत मजकूर पाठवायचा होता.

मग पावसाळ्याच्या तोंडावर काळा फोन आला, वजनदार, दिमाखदार. त्यावर तर नावांच्या मागे सतत घरघर ऐकू येत होती. आजूबाजूचा आवाज गाळून टाकण्याची त्यात खास सोय होती आणि मला वाटलं, हीच ती सोय, कुचकामी निघाली. फोनवर अन्याय नको म्हणून मी आईला ती यादी तीन वेळा म्हणायला लावली. हे लिहिताना हात थांबतो. फोनवर अन्याय नको म्हणून. तिसऱ्या वेळी ती चिंबोरीवर थांबली आणि मी वैतागून ओरडले, 'आये, नीट बोलता येत नाय का तुला? लोकं वाचतात हे. माझी नोकरी हाय ती.'

'परत बोलू काय?' तिनं विचारलं.

'नको, राहू दे,' मी म्हटलं आणि कॉलला चार गुण दिले.

नवरात्र संपता संपता हिरवा फोन आला. तो आईकडे पोचवला आणि तिसऱ्या दिवशी अकराला कॉल लावला. काय सांगू, शेजारी बसून बोलल्यासारखा आवाज. बोय, निवटी, खरबी, कोलंबी, चिंबोरी, जिताडा. सहाही नावं सलग, कुठे घरघर नाही की तूट नाही, आणि शेवटचा 'डा' तर असा ठसक्यात की मी बाल्कनीत एकटीच हसले. 'पास झाला का गो?' तिनं विचारलं. मी म्हटलं, 'पास, आये! नऊ दिले.' ती हसली, आणि हसता हसताच कॉल तुटला. मी समजले, रेंज गेली असेल. परीक्षणात मी लिहिलं, या वर्षात ऐकलेला सर्वांत स्वच्छ आवाज, शेवटच्या शब्दापर्यंत.

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत आई बाजाराच्या पायरीवर टोपलीसकट खाली बसली आणि तिला उठता येईना. भावानं तिला हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, दम कधीपासून लागतोय. भाऊ म्हणाला, ती कधी काही बोललीच नाही. आईनं चार बोटं वर केली, चार दिवस. डॉक्टरांनी मान हलवली. फुप्फुसं आतून कडक होत गेली होती. हे चार दिवसांचं काम नव्हे, म्हणाले, सात-आठ महिने तरी झाले असणार, आणि सुरुवातीलाच कळलं असतं तर औषधांनी पुष्कळ थोपवता आलं असतं. मग ते आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत म्हणाले, 'बोलताना कुणाच्या लक्षात आलं नाही का? आवाज तुटत असणार.'

माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये वही होती. निळा फोन, आवाज मध्येच तुटतो. काळा फोन, मागे सतत घरघर. सगळं तारीखवार होतं, माझ्याच अक्षरात. डॉक्टरांनी जे विचारलं ते मी कधीच टिपून ठेवलं होतं आणि दोष फोनला दिला होता. वही बाहेर काढायची हिंमत झाली नाही.

आई तिथं तीन आठवडे होती. एका दुपारी मास्क बाजूला करून तिनं विचारलं, 'नवीन फोन नाय आनलास?' मी नाही म्हटलं. 'बरा झाला,' ती म्हणाली, 'आता माज्यानं व्हनार नाय.' मला वाटलं, थकलीय म्हणून बोलतेय. मी तिच्या झिजलेल्या अंगठ्यावरून हात फिरवत राहिले आणि थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. त्यानंतर चार दिवसांनी ती गेली.

तेव्हापासून तीन फोन आले आणि तिन्ही परीक्षणांत मी कॉलचा रकाना गाळला. संपादकांच्या मेसेजनंतर मात्र काल हा चौथा घेऊन दिवाळ्याला गेले. बाजारात आईच्या शेजारी पंचवीस वर्षं बसलेली मावशी आहे. आईची जागा तिनं कुणाला बसू दिलेली नाही, तिथं स्वतःची बर्फाची पेटी सरकवून ठेवलीय. मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, 'मावशे, मी जेट्टीवरून कॉल करते. आयेसारखं बोलशील?'

'न सांगता बोलीन,' मावशी म्हणाली. 'कान किटले माजे ऐकून.'

जेट्टीवर ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. मी कॉल लावला. मावशीनं सहाही नावं धडाधड घेतली, जिताड्यापर्यंत. आवाज स्वच्छ होता. मी वहीत आठ लिहायला गेले, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, 'मना काय त्रास नाय झाला हो. तुजे आयेला लय तयारी लागायची.'

'कसली तयारी?'

'अगो, तो हिरवा फोन व्हता ना, तवाची गोष्ट. साडेधालाच टोपली माज्याकडं सरकवली. बोलली, गिराईक तू बघ. नि भिंतीला टेकून बसली डोले मिटून. मी इचारलं काय व्हतंय, तं हातानंच गप केलान मना. मंग बोलली, दम साठवतंय. दोन फोन माज्यामुलं नापास झाले पोरीचे, ह्यो पास करायचा हाय.'

मी वही मिटली. मावशीला वाटलं कॉल तुटला. 'हाय ना गो? ऐकतेस ना?'

'ऐकतेय.'

'तुजा फोन आला, तशी सगली मासली बोलली एका दमात. तू पास बोललीस, हसली. नि फोन बंद केला नि जी खोकायला लागली, थांबंचना. मी बोलली, अगो, सांग पोरीला. तं बोलली, आता कशाला? झाला ना पास.'

तिचा शब्द न् शब्द मला लख्ख ऐकू येत होता. फोन चांगला होता. मी चिखलाकडे बघत पहिल्यांदा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, हमसून हमसून रडले. होडीवर जाळं सांधणारा एक म्हातारा वर बघून पुन्हा खाली मान घालून बसला.

घरी आल्यावर हिरव्या फोनचं परीक्षण उघडलं. नऊ गुण तसेच होते. खाली एका वाचकानं लिहिलं होतं, 'तुमचं वाचून हाच फोन माझ्या आईला घेतला. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.' मी संपादकांना कळवलं, त्या परीक्षणातले कॉलचे नऊ गुण काढून टाका. त्यांचं लगेच उत्तर आलं, 'का? फोनमध्ये काही दोष निघाला का?'

फोनमध्ये नाही, असं मी लिहिलं.